नागरिकशास्त्राचा पेपर

नागरिकशास्त्र या विषयाला शाळेत जी वागणूक मिळते, ती एकत्र कुटुंबातल्या न कमावत्या धाकट्या दिरासारखी असते. त्याला स्वतःची खोली नसते. तो इतिहासाच्या खोलीत पथारी टाकतो. पुस्तक पातळ, मार्क थोडे आणि तास शेवटचा. हा विषय मी मुलुंडच्या एका शाळेत एकतीस वर्षे शिकवला. "सर, हे परीक्षेला येणार का?" याखेरीज दुसरी शंका एकतीस वर्षांत एकाही मुलाने विचारली नाही. माझ्या निरोपसमारंभात तर एका माजी विद्यार्थ्याने "सरांनी आम्हाला भूगोल फार सुंदर शिकवला" असे गहिवरून सांगितले. मी टाळ्या वाजवल्या. दुसरे काय करणार?

अशा माणसाला पहिला खराखुरा विद्यार्थी मिळाला तो निवृत्तीनंतर, २०१५ साली, आणि तोही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी. विद्यार्थी म्हणजे माझी थोरली बहीण. वय वर्षे एकसष्ट.

अक्का १९९८ साली अमेरिकेला गेली. तिच्या दिराने तेरा वर्षांपूर्वी भरलेल्या कागदांचा नंबर एकदाचा लागला आणि भाऊजी, अक्का व कॉलेजात जाणारा भाचा असे तिघे हिरवे कार्ड घेऊन तिकडे उतरले. "चार वर्षं काढू, पोराचं शिक्षण झालं की परत," असे भाऊजी विमानतळावर म्हणाले होते. पुढे दर वर्षी फोनवर तेच म्हणत. परतीच्या गोष्टी करता करता २०१३ साली ते भलत्याच गावाला निघून गेले. भाचा केव्हाच तिथला नागरिक झाला होता. नातवंडे तर जन्मानेच नागरिक. ती घरात रांगत असल्यापासून अध्यक्षपदाला पात्र होती. घरात परकी काय ती एकटी अक्का.

मी सहा महिने राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने माझ्यापुढे चहा आणि एक छापील चोपडे ठेवले.

"मास्तर, शिकव," ती म्हणाली. "शंभर प्रश्न आहेत. त्यातले दहा विचारतात. सहा आले की पास."

(हे तेव्हाचे. ऑक्टोबर २०२५ पासून प्रश्न एकशे अठ्ठावीस झाले; विचारतात वीसपर्यंत आणि बरोबर लागतात बारा. महागाई सगळीकडेच आहे.)

"पण इंग्रजीत ना?" मी विचारले.

"मराठीत! पंचावन्नच्या वर वय आणि पंधरा वर्षं कार्ड असलं की आपल्या भाषेत उत्तरं देता येतात. दुभाष्या न्यायचा. शेजारच्या कुलकर्णीणबाई येते म्हणाल्यात."

खरे तर तिचे इंग्रजी कामापुरते उत्तम होते. दुकानदाराशी कूपनावरून भांडण्याइतके इंग्रजी ज्याला येते त्याला ती भाषा आली असे मी समजतो. पण अक्काचे म्हणणे असे की सरकारपुढे खरे बोलायचे असेल तर माणसाने आपल्या भाषेत बोलावे. इंग्रजीत अर्धे लक्ष व्याकरणाकडे राहते.

आणि आमची शाळा सुरू झाली. सकाळी नातवंडे बसमध्ये चढली की स्वयंपाकघरात तास. फळ्याच्या जागी फ्रिज.

पहिला प्रश्न सोपा होता. देशातला सर्वोच्च कायदा कोणता? राज्यघटना. तिचे पहिले तीन शब्द कोणते? 'आम्ही, लोक' असे मी मराठी केले. "हे दोनच झाले," अक्का म्हणाली, "आणि आपल्या घटनेतही हेच आहेत की. 'आम्ही, भारताचे लोक.'" तिकडची घटना १७८७ सालची, इकडची १९५० सालची, त्यांच्या घटनेची कलमे अवघी सात, आपली सुरुवातीलाच तीनशे पंचाण्णव. त्यांनी इतक्या वर्षांत दुरुस्त्या केल्या सत्तावीस. आपली शंभरावी त्याच वर्षी झाली होती. अक्काने थोडा विचार केला. "त्यांनी नुसती यादी दिलीय आणि आपण पाककृती लिहिलीय. सून नवी असली की सगळं लिहूनच ठेवावं लागतं." घटनासमितीतल्या तीन वर्षांच्या चर्चेचे इतके सुटसुटीत समर्थन माझ्या तरी वाचनात नव्हते.

सत्तेचे तीन भाग मी नेहमीच्या पद्धतीने शिकवू लागलो : कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. एकतीस वर्षे याच ठिकाणी वर्ग पेंगायला लागे. अक्का पेंगली नाही. "हे तर आपल्या आजोळचं," ती म्हणाली. "घर चालवायचे आजोबा. पण तिजोरीची किल्ली आजीच्या कमरेला. आणि दोघांचं फाटलं की निवाडा काशीआत्याचा. तिला घरातून कोणी काढू शकत नव्हतं."

वाचकहो, अगदी बरोबर! अध्यक्ष कारभार करतो, पण पैसा मंजूर करते काँग्रेस. काँग्रेसने केलेला कायदा अध्यक्ष नकाराधिकाराने परत पाठवू शकतो. पण दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा तोच मंजूर केला, तर अध्यक्षाला गप्प बसावे लागते. आणि सर्वोच्च न्यायालयात बसतात नऊ काशीआत्या. त्यांना अध्यक्ष नेमतो, सिनेट मान्यता देते, पण एकदा बसल्या की तहहयात. कुणाच्याच हाती सगळी सत्ता जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या पदराला दुसऱ्याची गाठ मारून ठेवलेली.

सिनेटपाशी मात्र अडले. प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर, राज्ये पन्नास, म्हणून शंभर. "कॅलिफोर्नियात किती लोक?" जवळजवळ चार कोटी. "आणि सगळ्यांत लहान राज्यात?" वायोमिंग, सहा लाखांच्या आत. "आणि दोघांना दोन-दोनच?" तिला हे पटेना. मग मी सांगितले की घटना लिहायला बसले तेव्हा लहान राज्ये म्हणाली, माणशी वाटप केले तर आमच्या ताटात काय पडणार? मोठी म्हणाली, घरटी वाटप केले तर आमची माणसे उपाशी. शेवटी तोड निघाली : एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे, त्यातले सभासद चारशे पस्तीस, दुसऱ्यात घरटी दोन. अक्काचा चेहरा उजळला. "म्हणजे जेवण भुकेप्रमाणे आणि लाडू मात्र घरटी दोन. मग बरोबर आहे. त्याशिवाय धाकटी जाऊ घरात टिकत नाही."

स्वातंत्र्यदेवीचा पुतळा कुठे आहे, या प्रश्नाला तर नाट्यच आले. उत्तर न्यूयॉर्क. पण चोपड्यातच बारीक अक्षरांत लिहिले होते की 'न्यू जर्सी' हेही उत्तर चालेल. बेट न्यूयॉर्कचे, भोवतीचे पाणी न्यू जर्सीचे! शेजारच्या एलिस बेटाचा तंटा तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९८ साली बेटाचा मोठा भाग न्यू जर्सीला मिळाला. "म्हणजे सीमाप्रश्न इथेही आहे!" अक्का म्हणाली. "आणि सुटलासुद्धा?" मराठी माणसाला यापेक्षा मोठा सांस्कृतिक धक्का नाही. तिने तिथेच ठरवले : आपण न्यू जर्सी म्हणायचे.

पहिल्या घटनादुरुस्तीने दिलेला एक हक्क सांगा, असाही एक प्रश्न होता. भाषण, धर्म, वृत्तपत्र, जमण्याचा हक्क, आणि सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क. अक्का पोळी लाटता लाटता थांबली.

"म्हणजे लाटणे मोर्चा."

मी विसरलो होतो. १९७२-७३ ची महागाई. आम्ही तेव्हा परळच्या चाळीत राहत होतो. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागून बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या आणि अठरा-एकोणीस वर्षांची अक्का आमच्या आईचे एकुलते एक लाटणे घेऊन त्यांच्यात गेली होती. त्या रात्री घरात भात झाला. पुढे प्रत्येक निवडणुकीला मतदान केंद्राबाहेर टेबल मांडून चिठ्ठ्या लिहिणारी हीच. चाळीतली कुठली म्हातारी कुठल्या खोलीत आणि तिचा यादीत नंबर काय, हे तिला तोंडपाठ असे.

"इथे दर निवडणुकीला हातात यादी घेऊन पोरं दारात येतात," ती म्हणाली. "गोड बोलतात. मुलाला विचारतात, सुनेला विचारतात. मी चहा देते. मग एकदा एका पोरीने यादी बघून म्हटलं, 'सॉरी, तुमचं नाव नाहीये.' तिचं काय चुकलं? पण त्या रात्री मला झोप नाही आली. तिकडच्या यादीतून नाव केव्हाच गेलं. परदेशी राहणाऱ्यांना २०११ पासून मत दिलंय, पण ते मुंबईला जाऊन द्यायचं. दोन्हीकडे मी पाहुणी. सतरा वर्षं पाहुणी!"

मी एकतीस वर्षे मताधिकाराची व्याख्या सांगत आलो. ती अशी असते हे मला ठाऊक नव्हते.

"आपल्या माणसांना हे कधीपासून देतात रे?" तिने एकदा विचारले. मी गावातल्या वाचनालयात जाऊन पाहून आलो. भगतसिंग थिंड नावाचे एक शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरी १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तुम्ही 'गोरे' नाही, सबब नागरिक नाही. हिंदी माणसाला दार उघडले ते १९४६ च्या कायद्याने, आणि देशात घेणार वर्षाला शंभर. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९५६ साली, दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून निवडून येऊन काँग्रेसमध्ये बसले. अक्काने सगळे ऐकून घेतले. "तेव्हा शंभरांत नंबर लागावा लागायचा," ती म्हणाली. "मला नुसते शंभर प्रश्न आहेत. विचार पुढचा."

ऑक्टोबरच्या अखेरीस एक विघ्न आले. प्रतिनिधिसभेचा सभापती कोण, याचे 'जॉन बेनर' हे उत्तर अक्काने महिनाभर घोटले होते. त्याने राजीनामा दिला आणि पॉल रायन आला. "दोन आठवडे थांबता आलं नाही मेल्याला!" असे म्हणून अक्काने फ्रिजवरची चिठ्ठी बदलली.

नोव्हेंबरात मुलाखत झाली. मी आणि भाचा बाहेर बाकावर. आतला वृत्तांत कुलकर्णीणबाईंनी सांगितला. आधी अर्जातले प्रश्न : तुम्ही अट्टल दारूबाज होता का? कम्युनिस्ट पक्षात होता का? बळाने एखादे सरकार उलथवावे असा प्रचार केलात का? पहिल्या दोहोंना अक्का ठाम 'नाही' म्हणाली. तिसऱ्यापाशी तिची सत्यनिष्ठा जागी झाली आणि तिने लाटणे मोर्चाची हकीकत सांगितली. कुलकर्णीणबाईंना घाम फुटला, पण शपथ घेतली होती. त्यांनी भाषांतर केले. अधिकाऱ्याने विचारले, "लाटणे कोणावर चालवले का?" अक्का म्हणाली, "नंतर पोळ्या केल्या." त्याने 'नाही'वर खूण केली.

मग प्रश्न. संविधान, सिनेटर, पहिला अध्यक्ष, कायद्याचे राज्य. पुतळा कुठे? "न्यू जर्सी." तो म्हणे हसला. पहिल्या दुरुस्तीतला हक्क? "सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा." सहा झाले. त्याने चोपडे मिटले.

अक्का बाहेर आली ती फणफणत. "सहा बरोबर आले तर पुढचे विचारतच नाहीत! चौऱ्याण्णव वाया गेले! आणि तो सभापती, तो तर विचारलाच नाही!"

शपथेच्या आदल्या रात्री ती मात्र गप्प होती. शपथेचा अर्थ मी मराठीत सांगत होतो : परकीय राजे, सत्ताधीश यांच्यावरची निष्ठा मी पूर्णपणे सोडते... "आपले राजे तर तनख्यांसकट गेले," ती म्हणाली. पुढे, कायद्याने सांगितल्यास देशासाठी शस्त्र उचलीन. "पुन्हा लाटणं?" मी हसलो. मधला एक शब्द मी घाईने ओलांडला होता. तिने बोट ठेवले. "हा काय?"

"राष्ट्र," मी म्हणालो. "परकीय राष्ट्र."

"म्हणजे आपलं."

आपला कायदा याबाबत सरळ आहे : दुसरे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप संपते. पासपोर्ट जमा करायचा. मग परदेशस्थ भारतीयाचे कार्ड मिळते. त्यावर ये-जा हवी तेवढी करा, मत मात्र नाही. अक्का उठली, कपाटातून एक जुना स्टीलचा डबा घेऊन आली. त्यात तिचे निवडणुकीचे ओळखपत्र होते. नव्वदच्या दशकातले, फोटोत अक्का आहे की भाऊजी, हे सांगणे कठीण.

"हे मागतात का रे जमा करायला?"

"मला नाही विचारलं कुणी," मी म्हणालो. नागरिकशास्त्राच्या शिक्षकाने असे उत्तर देऊ नये, पण दिले. तिने डबा जागेवर ठेवला आणि सकाळी मोतिया रंगाची नऊवारी नेसून शपथ घेऊन आली.

मी परत आलो. पुढच्या वर्षी, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री तिचा फोन आला. रांगेत पाऊण तास उभी होती. बोटाला शाई लावत नाहीत, छातीला चिकटवायला एक गोल कागद देतात, तो तिने देवघरात लावला होता. कोणाला मत दिले ते तिने सांगितले नाही. मतदान गुप्त असते, हे मीच शिकवले होते.

"बरं, मास्तर," ती म्हणाली, "आता तुझी परीक्षा. तुमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?"

मी दूरध्वनी या कानाचा त्या कानाला लावला. आवाज नीट येत नसल्याचे सांगितले.

"शेवटचं मत कधी दिलंस?"

मला आठवले, मतदानाला जोडून शनिवार-रविवार आला की आम्ही माथेरानला जातो.

२१ फेब्रुवारी २०१७. मुंबई महापालिकेची निवडणूक, मंगळवार. मी शाळेच्या त्याच वर्गात, जिथे एकतीस वर्षे ते पातळ पुस्तक शिकवले, तिथे रांगेत उभा राहिलो. उमेदवारांची नावे पाठ करून गेलो होतो. बाहेर येऊन शाईच्या बोटाचा फोटो अक्काला पाठवला. तिकडे मध्यरात्र असणार. तरी लगेच उत्तर आले.

"एक बरोबर. अजून पाच."