आमच्या संगणकाची वही

आमच्या शाळेत एक संगणक आहे. तो जुना आहे. त्यावर लिनक्स आहे. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली. ती फिनलंड देशातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केली. ती फुकट मिळते. सी-डॅक संस्थेने लिनक्सवरूनच ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली तयार केली आहे.

या हिवाळ्यात आमच्या संगणकाला एक खोड लागली. बटण दाबले की कधी नीट चालू व्हायचा, कधी मधेच अडकायचा. मग बंद करून पुन्हा चालू करावा लागायचा.

सकाळी बटण दाबायचे काम आमच्या वर्गातील एका मुलीकडे होते, कारण तिचे घर शाळेजवळ आहे. संगणक तिच्याच वेळी अडकायचा. पोरं म्हणू लागली, “हिचा हातच वाईट हाय.” ती खूप रडली. म्हणाली, “मी आता बटणाला हात लावणार न्हाई.” गुरुजी म्हणाले, “यंत्राला कुणाचा हात कळत नाही. आपण कारण शोधू.”

आमच्या तासगाव तालुक्यात द्राक्षे खूप होतात. आमचीपण बाग आहे. आमचे आण्णा फवारणीची वही ठेवतात. कोणत्या दिवशी कोणते औषध मारले, पाऊस होता का, धुके होते का, सगळे लिहितात. दावण्या आला की आधी वही बघतात. म्हणून मी म्हणालो, “गुरुजी, संगणकाचीपण वही करूया का?” गुरुजींनी लगेच वही दिली.

आम्ही रकाने आखले. तारीख, वेळ, बटण कोणी दाबले, चालू झाला का, कुठे अडकला. चालू होताना पडद्यावर नुसते चित्र दिसायचे. गुरुजींनी ते बंद केले. मग इंग्रजी ओळी भराभर पळू लागल्या. अडकला की शेवटची ओळ मी बघून बघून उतरवायचो.

१२ सकाळी बटण दाबले, त्यात ५ वेळा अडकला. दुपारी एकदाही नाही. मग आम्ही अदलाबदल केली. सकाळी मुलगे, दुपारी ती. तरी सकाळीच अडकला! म्हणजे हाताचा दोष नव्हता, गार सकाळीच काहीतरी होत होते.

शेवटची ओळ दर वेळी निराळी होती. गुरुजी म्हणाले, “एकाच जागी अडकला असता तर एखाद्या प्रोग्रॅमवर संशय घेतला असता. निराळ्या जागी अडकतो, म्हणजे मेमरी नाहीतर वीज बघितली पाहिजे.” आधी त्यांनी जुना कर्नल निवडून पाहिला. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. तरी अडकला. मग सकाळी गार असतानाच मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावला. पडद्यावर लाल ओळी आल्या.

प्लग काढून गुरुजींनी पेटी उघडली. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एका वेळी एकच बसवून तपासली, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरे झाले ते कळत नाही. एकीवर लाल ओळी आल्या, दुसरीवर नाही. पहिलीचे सोनेरी दात काळे पडले होते. गुरुजींनी ते खोडरबराने हळूच पुसले आणि पट्टी घट्ट बसवली. दुसऱ्या सकाळी लाल ओळ आली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण गुरुजी म्हणाले, “कधीकधी होणारा बिघाड एका दिवसात गेला असे म्हणायचे नाही.”

म्हणून वही अजून चालू आहे. आज २१ वी सकाळ, एकदाही अडकला नाही. बटण तीच दाबते. आता तिला कोणी काही म्हणत नाही.

मित्रांनो, कुणाला नावे ठेवण्याआधी चार दिवस वहीत लिहून बघा.

– इयत्ता ४ थी