कमरेचे हत्यार आणि हातातला पेला

अंगावर झाकून पिस्तूल बाळगणाऱ्या माणसाने दारू प्यावी काय, हा प्रश्न आपल्याकडच्या वाचकांना थोडा चमत्कारिक वाटेल. आपल्या लग्नमांडवात पेला असतो, पिस्तूल नसते. पेल्याविषयी आपल्या समाजाने फारसा सोवळेपणा कधी पाळला नाही. पाळला तो उपवासकाळात, आणि तोही सगळ्यांनी नव्हे. त्यामुळे हा प्रश्न मला आयुष्यात पडण्याचे काही कारण नव्हते. परंतु बँकेच्या नोकरीने मला आधी सातारा जिल्ह्यात आणि नंतर सांगलीत नेऊन बसवले, आणि तेथे ही दोन्ही यंत्रे (पेल्यालाही मी यंत्रच समजतो) एकाच माणसाजवळ मला वारंवार दिसू लागली.

सातारा हा फौजींचा मुलूख. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, आणि तेथे आजही घराघरांत कोणी ना कोणी सैन्यात आहे किंवा होता. निवृत्त फौजी घरी येतो तो दोन गोष्टी घेऊन येतो. एक कँटीनचा कोटा. त्यात रमही आली. दुसरी बंदुकीची सवय. या सवयीवर अनेकांना बँकेत, कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी मिळते. आमच्या शाखेचा पहारेकरी असाच होता. त्याची बारा बोअरची बंदूक दिवसभर त्याच्या खांद्याला असे. संध्याकाळी ती कुलपात गेल्याशिवाय तो स्टुलावरून उठत नसे, आणि रमची बाटली उघडण्याचा प्रश्न त्यानंतरचा. मी एकदा सहज विचारले, तर म्हणाला, "साहेब, फौजेत हत्यार आधी कोतात जमा होतं. मग रम. उलटं झालेलं मी बघितलं नाही." कोत म्हणजे पलटणीतली हत्यारांची कोठडी. दारू वाईट की चांगली याविषयी त्याचे काहीच म्हणणे नव्हते. क्रम तेवढा त्याला महत्त्वाचा वाटे.

सांगलीत मात्र मला वेगळी माणसे भेटली. द्राक्षबागायतदार, बेदाण्याचे व्यापारी, ठेकेदार. यांतल्या काहींच्या कमरेला सफारीच्या आत परवान्याचे पिस्तूल असे. ते झाकलेले असे, पण बसताना माणूस ज्या बाजूने थोडा तिरका होतो त्यावरून सगळ्यांना ते कळे. आणि कळावे अशीच बहुधा इच्छा असे. अशाच एका शेतघरावरच्या बैठकीत मी होतो. पेले भरले, रिकामे झाले, पुन्हा भरले. कोणा तरुण नातलगाने पिस्तूल पाहायला मागितले. गृहस्थांनी ते बाहेर काढले, मॅगझिन काढून टेबलावर ठेवले आणि "आता काय, नुसतं लोखंड आहे" असे म्हणून पिस्तूल मुलाच्या हाती दिले. मुलाने ते दिव्याकडे रोखले. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी हात पुढे केला, ते अगदी सावकाश त्याच्याकडून घेतले, तोंड जमिनीकडे केले आणि वरची पट्टी मागे ओढली. नळीच्या तोंडाशी बसलेले काडतूस उडून शेंगदाण्यांच्या बशीजवळ पडले.

कोणी काही बोलले नाही. यजमानांनी पाने वाढायला सांगितली.

मॅगझिन काढले तरी आधी चढवलेली एक गोळी आत राहते, ही गोष्ट पिस्तूल विकत घेणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात. त्या गृहस्थांना ती ठाऊक नव्हती असे मुळीच नाही; सकाळी विचारले असते तर त्यांनीच मला समजावून सांगितली असती. दोन पेल्यांनी त्यांचा हात थरथरत नव्हता, जीभही जड झाली नव्हती. गेली होती ती फक्त एक पायरी, तपासून पाहण्याची. मद्याचे काम असेच चालते. ते हातापायांकडे उशिरा येते. प्रथम ते आपल्यातल्या त्या कंटाळवाण्या कारकुनाला घरी पाठवते, जो प्रत्येक कागद दुसऱ्यांदा पाहतो. शुद्धीवरच्या माणसाच्या हातूनही अपघात होतात, हे खरेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली, आणि तेही पहाटे, घरातून निघण्याच्या गडबडीत. नुसती गडबड एवढे करते, तर कारकून रजेवर असताना काय होईल याचा हिशेब अवघड नाही.

आपला कायदा या बाबतीत मोठा गमतीचा आहे. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो; १९४९ च्या दारूबंदी कायद्याची ती देणगी. पिस्तुलासाठीही परवाना लागतो, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली. कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची, पिस्तुलासाठी २१ ची; म्हणजे चार वर्षे माणूस गोळी झाडण्याइतका शहाणा असतो, पण व्हिस्कीइतका नसतो! मोटार हाकणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य सापडले तर तो गुन्हेगार ठरतो. पिस्तूल बाळगणाऱ्यासाठी असा आकडा कोणी ठरवलेला नाही. २०१६ च्या नियमांनी सांगितले की सार्वजनिक ठिकाणी हत्यार पूर्ण झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. २०१९ च्या दुरुस्तीने निष्काळजीपणाने किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्या 'ताबा' या शब्दात माझ्या मते सगळे आले आहे; पण तो मोजणार कोण?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने २०१० पासून परवानाधारकाला मद्य मिळणाऱ्या उपाहारगृहात झाकलेले पिस्तूल नेण्याची मुभा दिली, पण अट घातली की त्याने तेथे मद्य घ्यायचे नाही. पाणी पीत बसावे. मला ती अट आवडली.

सांगलीच्या व्यापाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, "सौद्याची रोकड घेऊन रात्री परतायचं, वाटेत ऊस दोन्ही बाजूंना. एक पेग घेतला म्हणून वाटेवरचा चोर काय सुट्टीवर जातो? त्या वेळी तर हत्यार जास्त हवं." यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु त्या वाटेवर उसातून येणारा माणूस चोर आहे की पाणी पाजायला गेलेला शेतकरी, हे अंधारात ओळखायचे असते, आणि ओळखायचे काम त्याच रजेवर गेलेल्या कारकुनाचे. मग बैठकीपुरते हत्यार ठेवावे कोठे? ड्रायव्हरच्या हाती देता येत नाही, त्याच्या नावे परवाना नसतो. गाडीच्या खणात ठेवले तर चोरीला जाते. म्हणजे निर्णय बैठकीत घेता येत नाही; तो घरून निघताना, कपाटापाशीच घ्यावा लागतो. आज पिस्तूल, की आज पेला.

ज्यांनी तो घेतला नाही त्यांची उदाहरणे सगळ्यांना ठाऊक आहेत. एप्रिल १९९९ मध्ये दिल्लीच्या मेहरौलीतील एका मेजवानीत, आता मद्य मिळणार नाही एवढेच सांगितल्याबद्दल जेसिका लाल या तरुणीला गोळी घालण्यात आली. गुन्हेगाराची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने कायम करेपर्यंत २०१० साल उजाडले. डिसेंबर २०१६ मध्ये पंजाबात भटिंडा जिल्ह्यात एका लग्नात मंचावर नाचणारी मुलगी गोळी लागून मेली. दोन्ही ठिकाणी शत्रू कोणी नव्हता.

आणि गंमत अशी, की या प्रश्नाचा सर्वांत कडक निकाल याच कृष्णाकाठी लागून गेला आहे. सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. १९४९ मध्ये तो दक्षिण सातारा म्हणून निघाला आणि १९६० मध्ये सांगली झाला. त्याआधी, १९४३ ते १९४६ या काळात, या एकाच जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, ही सारी माणसे भूमिगत आणि सशस्त्र. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी त्यांनी अडवली. भवानीनगरला नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग करून पोलिसांना गुंतवले आणि मागून बंदुका पळवल्या. त्या सोंगातली बायको म्हणजे नाना पाटलांच्या कन्या हौसाताई. काही हत्यारे पोर्तुगीजांच्या गोव्यातून आणली जात. १९४४ मध्ये याच हौसाताईंनी एका लाकडी पेटीच्या आधाराने मांडवी पार केली होती.

अशा माणसांच्या सरकारने गावोगावी न्यायदान मंडळे बसवली, कमी खर्चाची लग्ने लावली, आणि दारूबंदी केली. नुसता उपदेश करून नव्हे. ज्यांच्यावरून 'पत्री सरकार' हे नाव पडले त्या शिक्षाही कडक होत्या. या दारूबंदीचे कारण गांधीजींच्या कार्यक्रमात आहे, गरिबाच्या संसारात आहे, हे इतिहासकार सांगतातच. मला एक तिसरेही दिसते. रोज दुसऱ्याच्या माजघरात, गोठ्यात, उसाच्या फडात निजणारा, घोंगडीखाली पिस्तूल असलेला माणूस प्यायला, तर त्याच्या आधी त्याची जीभ पकडली जाईल, आणि त्याबरोबर त्याला भाकरी देणारे घर. शिवाय ज्याच्या हाती परवान्यावाचूनचे हत्यार आहे त्याच्याविषयी गावाला एकच खात्री हवी असते, की हा दरोडेखोर नव्हे. त्या काळी दरोडेखोरही होतेच, आणि प्रतिसरकारने त्यांचा बंदोबस्त केला. दोघांजवळ बंदूक सारखीच. रात्री दार ठोठावले तर उघडणाऱ्या बाईला फरक कळायचा तो तोंडाच्या वासावरून.

त्याच कुंडलजवळ पलूसला पुढे शासनाने २००१ च्या धोरणानुसार वाईन पार्क काढले. त्यात मला विसंगती दिसत नाही. द्राक्षे विकली पाहिजेत, आणि वाईनला माझा काय विरोध असणार!

आजचे सरकारही हा नियम वर्षानुवर्षे पाळत नाही, पण निवडणूक आली की त्याला तो आठवतो. छाननी समिती ठरवील त्या परवानाधारकांनी हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचे, आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास मद्याची दुकाने बंद. सांगलीला आमच्या शाखेसमोरच ठाणे होते. पांढऱ्या कपड्यांतली माणसे फडक्यात गुंडाळलेली पिस्तुले घेऊन रांगेत उभी राहात, हवालदार नंबर ताडून पावती लिही. दुकाने मतदान आटोपताच उघडत. हत्यार मात्र निकालानंतर परत मिळे. या मधल्या दिवसांत बैठकी नेहमीसारख्याच होत. त्या शेतघराच्या मालकीणबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, की तेवढ्या आठवड्यात त्या पाहुण्यांसाठी भजी तळताना आतल्या खोलीतून पुन्हा पुन्हा बाहेर डोकावत नाहीत.