घाटाखालचा वाटा

काकती हे गाव वाचकांना ठाऊक असते ते कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मस्थान म्हणून. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागूनच जातो. रात्री त्यावरून धावणाऱ्या मालमोटारींत एखादी मासळीची असते; बर्फाचे खारट पाणी रस्त्यावर गळत जाते आणि वास बराच वेळ मागे रेंगाळतो. आम्हां घाटावरच्या माणसांना मासळी दिसते ती बाजारात किंवा ताटात. तिच्यामागचे श्रम पाहावेत, या हेतूने गेल्या हिवाळ्यात निपाणीहून राधानगरी आणि फोंडाघाट या वाटेने मालवणास उतरलो.

किनाऱ्यावर रापण चालू होती. जाळ्याच्या दोराचे एक टोक वाळूत माणसांच्या हाती ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक दूरवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही बाजूंनी ओढ सुरू होते. पाय वाळूत रुततात, अंग मागे झुकते, आणि दोन रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. वृद्ध, तरुण, शाळेतून परतलेली मुले, सगळेच त्यात असतात. (मुलांना त्या वेळी हजेरीची आठवण करून देणे मला जमले नाही.) जाळे वर आले की त्यात तारली, पेडवे, एखादा बांगडा. नंतर वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, अंगमेहनतीचा. ओढणाऱ्याला मजुरी नव्हे, वाटा मिळतो. मासळी थोडी आली तर सर्वांना थोडी. हा हिशेब गाबीत समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे.

परंतु आता जाळे अनेकदा हलकेच येते. दूर समुद्रात पर्ससीन नौका माशांचा अख्खा थवा जाळ्याने वेढतात आणि खालच्या कड्यांतून दोर आवळून तो उचलतात. किनाऱ्यापर्यंत येण्यास मग फारसे काही उरत नाही. गोव्याच्या रापणकारांनी 1970च्या दशकात ट्रॉलरविरुद्ध आवाज उठविला. महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा 1981 साली झाला, आणि फेब्रुवारी 2016मध्ये शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. तरी तंटा मिटलेला नाही.

मालवणहून रत्नागिरीस गेलो. मिरकरवाडा बंदरावर नौकांवरचे कित्येक खलाशी नेपाळचे आहेत. समुद्र न पाहिलेल्या देशाची मुले समुद्रावर राबतात, हे ऐकून मी थबकलोच. पण आमच्याकडची मुलेही होनग्याच्या कारखान्यांत याच पोटासाठी जातात.

बंदरावरून मासळी प्रक्रियेस जाते. भारतातून गोठवलेल्या कोळंबीची निर्यात 1953 साली कोचीनहून सुरू झाली; आज पश्चिम किनाऱ्यावर हा मोठाच उद्योग आहे. सोलणीच्या शेडमध्ये स्त्रिया ओल्या फरशीवर ओळीने उभ्या असतात. बर्फातल्या कोळंबीचे डोके मोडायचे, साल काढायची, पाठीतला काळा धागा ओढायचा. आणि बोटे थांबता कामा नयेत, कारण कित्येक ठिकाणी दाम किलोवर ठरतो. मोज्यांच्या आतही बोटे गारठतात, सालीचे काटे टोचतात. माल पुढे उणे 40 अंशांच्या यंत्रात गोठतो. युरोपीय संघाने 1997 साली भारतीय सागरी मालाची आयात काही काळ रोखली, तेव्हापासून टोपी, गमबूट, क्लोरीनच्या पाण्यात हात बुडविणे ही शिस्त कडक झाली. ती योग्यच आहे. परक्या देशातील ग्राहकाच्या आरोग्याची एवढी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेने सोलणाऱ्या बोटांचीही तेवढीच घ्यावी, एवढेच म्हणावेसे वाटते.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते. तेव्हा बंदर ओस पडते, शेडमधले काम रोडावते, आणि किलोवर राबणाऱ्या स्त्रियांची मिळकतही. मालवणात त्या महिन्यांत पडवीत बसून जाळी विणतात.