अण्णा बसले की फ्यूज उडायचा



लष्करातले वाडे, गणेशोत्सव, महाराज बाडा यांच्या आठवणी आपण पुष्कळ वाचल्या. आज मी किला गेटची एक सांगतो, आणि तीही मोटारीतल्या शॉर्टची. नव्या गाड्या चालवणाऱ्या मुला-नातवंडांनाही ती उपयोगी पडेल.

1987 साली आम्ही किला गेटला भाड्याने राहत होतो. मी बँकेत होतो आणि दारात एक सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी होती. वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, गुडघे पार गेलेले. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांना दौलतगंजला आत्याकडे नेणं हे त्या गाडीचं मुख्य काम. आत्याला दिसत नसे, त्यामुळे ती येऊ शकत नव्हती. दोघं बहीणभाऊ तासभर बोलत बसत. आठवडाभर दोघंही त्या तासाची वाट पाहत.

अशात गाडीचे मागचे दिवे जायला लागले. फ्यूज बदलला की चार दिवस ठीक, गुरुवारी पुन्हा अंधार. मी एकटा बँकेत गेलो-आलो तर काही नाही. मुलांनी शोध लावला, ‘आजोबा बसले की दिवे जातात!’ घरात हशा झाला, अण्णाही हसले. पण पुढच्या गुरुवारी ते टेंपोने गेले, त्या गुडघ्यांनी. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेलेच नाहीत. ‘आज बरं वाटत नाही’ म्हणाले. आत्याचा निरोप आला, ‘दादा रागावला का?’

मधल्या काळात रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार बसवून दिली होती. म्हणे, ‘अब ज़िंदगी भर नहीं उड़ेगा.’ किला गेटच्या चौराह्याजवळ एक वयस्कर मिस्त्री बसायचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी फ्यूजचा डबा उघडला आणि आधी ती तार उपटून फेकली. ‘साहब, चौकीदार को सुला दिया, चोर तो घर में ही है.’

त्यांचं म्हणणं मला पुढे नीट समजलं. मोटारीत बॅटरीची एक तार दिव्यापर्यंत जाते, परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. वाटेत कुठे तार सोलली जाऊन पत्र्याला टेकली, की करंट दिव्यात न जाता तिथूनच परत फिरतो. अडवणारं काही नसल्यामुळे तो भरमसाट वाहतो. फ्यूज वितळून त्याला थांबवतो. जाड तार वितळत नाही, मग आतली वायर तापते, तिचं आवरण जळतं आणि गाडी पेट घेऊ शकते.

चाचांनी मागच्या दिव्यांच्या लाइनवरचे सगळे बल्ब काढले. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब दोन तारांनी जोडला आणि स्विच दिला. बल्ब बंद. म्हणजे त्या क्षणी शॉर्ट नाही. त्यांनी तारा हलवल्या, डिकी आपटली, तरी बंद. मग मला विचारलं, ‘घर में कौन कहाँ बैठता है?’ मी गुरुवारची हकीकत सांगितली. ते म्हणाले, ‘बाबूजी को बुलाइए.’

अण्णा नको-नको म्हणत आले आणि मागच्या सीटवर टेकले. बल्ब लख्ख पेटला. उठले, विझला. चाचांनी चार वेळा उठबस करवली. मग सीट काढली. खालून जाणाऱ्या वायरला आधीच्या कुणीतरी जोड दिलेला, वर नुसती चिकटपट्टी. तीही सुटलेली. अण्णा बसले की सीटची स्प्रिंग दबून नेमकी त्या उघड्या जोडावर टेकायची. चाचांनी जोड नव्याने झाळला, वर रबरी नळी चढवली, वायर बाजूने घेऊन क्लिपा मारल्या आणि आठ अँपिअरचा फ्यूज बसवला.

अण्णा खूश! म्हणाले, ‘अरे, मी तर जयविलासमधली चांदीची गाडी झालो.’ महालाच्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी ती आगगाडी आपण सगळ्यांनी पाहिलीय. तिच्यावरची सुरई उचलली की ती थांबायची.

मला मात्र बँक आठवली. ट्रायल बॅलन्स जुळला नाही, तर फरक सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाता येतं, पण चूक लेजरमध्येच राहते. फरकाला 9 ने भाग गेला, तर आम्ही आधी आकड्यांची उलटापालट शोधायचो, 54 च्या जागी 45. फरकच वाट दाखवायचा. इथेही तेच. ‘फक्त गुरुवारी’ हाच पुरावा होता, आणि घरात त्याची थट्टा झाली होती.

आजच्या गाड्यांत रंगीत फ्यूज असतात. 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा. लालच्या जागी पिवळा बसतो, पण बसवू नका. फ्यूज केव्हा उडतो ते लिहून ठेवा, पावसात, खड्ड्यात, की कुणी बसल्यावर. ती चिठ्ठी मेकॅनिकला द्या. तारा उंदरांनी कुरतडल्यात का, तेही बघायला सांगा.

अण्णांचे गुरुवार पुढे आत्या असेपर्यंत चालू राहिले. किला गेटचे ते चाचा कुणाला आठवत असतील, तर जरूर लिहा.