ओपनजीएल : विहीर गावाची, सातबारा कोणाचा?

१/ मोबाईलवर त्रिमितीय खेळ खेळताना पडद्यावर क्षणाक्षणाला हजारो त्रिकोण रंगवले जात असतात. ते कसे रंगवावेत हे ग्राफिक्स चिपला सांगण्यासाठी एक सामाईक बोली तयार झाली, तिचे नाव ओपनजीएल. एका पेटंट-व्यवहारामुळे २००२ साली या बोलीच्या खुलेपणावरच सावट आले. त्याची ही कथा. #थ्रेड

२/ आरंभ कॅलिफोर्नियात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस जिम क्लार्क यांनी सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी उभारली. त्रिमितीय चित्रांचे गणित थेट चिपमध्ये करणारी तिची यंत्रे अतिशय महाग होती आणि तितकीच विलक्षण. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मधील संगणकनिर्मित डायनासोर याच यंत्रांवर घडले.

३/ या यंत्रांसाठी कंपनीची स्वतःची खाजगी बोली होती, आयरिस जीएल. १९९२ साली तिचे शुद्ध रूप ओपनजीएल म्हणून सर्वांसाठी खुले झाले. देखरेखीसाठी एक मंडळ नेमले गेले. त्याच्या संस्थापक सदस्यांत आयबीएम, इंटेल यांच्याबरोबर मायक्रोसॉफ्टही होती. पुढचे समजण्यासाठी हे ध्यानात ठेवावे.

४/ मानक खुले झाले म्हणजे त्याचे नियम कोणीही वाचावेत आणि त्यांबरहुकूम आपली आज्ञावली लिहावी. परंतु त्यामागील अनेक तंत्रांची पेटंटे सिलिकॉन ग्राफिक्सच्याच नावावर राहिली. विहीर गावाची, सातबारा मात्र एकाच्या नावावर. मालक सुस्थितीत होता, तोवर उतारा काढून पाहण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही.

५/ या विहिरीवर पाणी भरणाऱ्यांत ब्रायन पॉल नावाचा एक प्रोग्रॅमर होता. १९९३ साली त्याने फावल्या वेळात ओपनजीएलच्या नियमांनुसार चालणारी स्वतःची आज्ञावली लिहायला घेतली. सिलिकॉन ग्राफिक्सला विचारून १९९५ मध्ये ती सर्वांना विनामूल्य दिली. हीच ‘मेसा’. लिनक्सवरील त्रिमितीय चित्रांचा पाया पुढे तिच्यावरच रचला गेला.

६/ त्याच १९९५ साली मायक्रोसॉफ्टने रेंडरमॉर्फिक्स ही छोटी ब्रिटिश कंपनी विकत घेतली आणि तिच्या कामातून १९९६ मध्ये डायरेक्टथ्रीडी आणले. ओपनजीएल कोणत्याही प्रणालीवर चालू शके, डायरेक्टथ्रीडी विंडोजपुरते. ‘क्वेक’चा कर्ता जॉन कारमॅक याने त्याच वर्षाअखेर जाहीरपणे ओपनजीएलची बाजू घेतली.

७/ १९९७ च्या अखेरीस दोन्ही कंपन्यांनी हात मिळवले. ‘फॅरनहाइट’ या नावाने एकच सामाईक बोली घडवायचे ठरले. १९९९ पर्यंत तो संकल्प मोडीत निघाला. डायरेक्टथ्रीडी मात्र बलवान होत गेले.

८/ दरम्यान घरगुती संगणकात बसणारी स्वस्त ग्राफिक्स कार्डे आली आणि सिलिकॉन ग्राफिक्सच्या महाग यंत्रांचा बाजार ओसरला. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. २००१ साली कंपनीने ग्राफिक्सची अनेक पेटंटे मायक्रोसॉफ्टला विकली. मोबदला ६ कोटी २५ लाख डॉलर. जानेवारी २००२ मध्ये बातमी सर्वतोमुखी झाली.

९/ जून २००२. मंडळासमोर नवा विषय होता : त्रिकोणाच्या प्रत्येक शिरोबिंदूवर काय प्रक्रिया व्हावी, हे प्रोग्रॅमरला स्वतः लिहू देणे. तोवर या पायऱ्या बहुतांशी ठरीव असत. मायक्रोसॉफ्टने सांगितले की या तंत्रावर आपले पेटंट-हक्क आहेत असे आम्ही मानतो. वाजवी आणि भेदभावरहित अटींवर परवाना देण्यास आम्ही तयार आहोत.

१०/ ‘वाजवी’ हा शब्द ऐकायला सौम्य आहे. चिप विकणारी कंपनी परवान्याचा खर्च किमतीत मिळवू शकते. मेसाच्या प्रती मात्र कोणीही फुकट उतरवून घेई, पुढे वाटी. प्रती मोजणार कोण आणि शुल्क भरणार कोण? अशा ठिकाणी दर प्रतीमागे एक पैसा मागितला तरी दार बंद होते.

११/ ही भीती काल्पनिक नव्हती. एसथ्रीटीसी ही चित्रे संकुचित करण्याची पद्धत दुसऱ्या एका कंपनीच्या पेटंटाखाली होती. खेळांमध्ये ती सर्रास वापरली जाई, तरी मेसाच्या मुख्य आज्ञावलीत तिला जागा मिळाली नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात पेटंटची मुदत संपली, तेव्हाच ती आत आली. तंत्र ठाऊक होते, हातही तयार होते. केवळ मुदत संपण्याची वाट पाहायची होती.

१२/ २००२ च्या त्या प्रसंगी मंडळ डगमगले नाही. नवी सोय मंजूर झाली, चिप-कंपन्यांनी ती स्वीकारली. मार्च २००३ मध्ये मायक्रोसॉफ्ट मंडळातून बाहेर पडली. २००४ साली ओपनजीएल २.० आले आणि प्रोग्रॅमरला हवी ती प्रक्रिया लिहू देणारी स्वतंत्र भाषाच मानकाचा भाग झाली.

१३/ मे २००६ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी ओपनजीएलचा कारभार क्रोनोस या संस्थेकडे गेला. मानकाला आवश्यक असलेली पेटंटे, मानक पाळणाऱ्यांविरुद्ध वापरणार नाही, असे तिथे सदस्यांना आधीच मान्य करावे लागते. म्हणजे उतारा आधी तपासायचा, विहीर मग खणायची.

१४/ काळाने आणखी एक वळण घेतले. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने लिनक्सच्या संरक्षणासाठी स्थापन झालेल्या पेटंट-संघात ६०,००० हून अधिक पेटंटांसह प्रवेश केला. २०२० मध्ये ओपनजीएलचे प्रोग्रॅम डायरेक्टथ्रीडीवर चालावेत म्हणून तिने कोलाबोरा या कंपनीबरोबर काम हाती घेतले. त्यासाठी आधार घेतला तो मेसाचाच.

१५/ म्हणून या कथेत कायमचा खलनायक शोधू नये. १९९२ चा उदार मालक दहा वर्षांत विक्रेता झाला आणि २००२ चा धाक घालणारा पुढे सोबतीला आला. माणसे बदलतात, कंपन्या बुडतात. पेटंटचा कागद तेवढा मुदतीपर्यंत जिवंत राहतो आणि ज्याच्या हाती जाईल त्याचे ऐकतो. खुलेपणाचे वचन लिहून घ्यायचे, ते मालक अजून मित्र असतानाच. (समाप्त)