मन्याची साखर

मांजराला मधुमेह झाला आहे असें सांगितलें म्हणजे ऐकणारा प्रथम हंसतो, आणि मग "दूध-पोळी फार चारली असेल" म्हणून आमच्याकडे बोट दाखवितो. त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. गेल्या वर्षापर्यंत मीही हंसलों असतों. या रोगाशीं माझी स्वतःची बारा वर्षांची ओळख असूनही, घरांतील बोक्याचें आणि आपलें दुखणें एकच असेल, हें माझ्या मनांत आलें नव्हतें.

तें आलें माझ्या वडील बहिणीच्या. मन्या नऊ वर्षांचा, खच्ची केलेला, खाऊन-पिऊन गलेलठ्ठ. पावसाळ्याच्या दिवसांत तो मोरींतल्या बादलीवर ओणवून सारखा पाणी पिऊं लागला. भूक दुप्पट झाली, पण अंग उतरूं लागलें. एके सकाळीं त्याच्या वाळूच्या पेटीभोंवतीं मुंग्यांची रांग पाहून ताई म्हणाली, "अरे, हें लक्षण कांहीं बरें नाहीं." मूत्राला मुंग्या लागणें हें मधुमेहाचें लक्षण चरकसंहितेंत सांगितलेलें आहे. ग्रंथ मीं वाचला होता, मुंग्या ताईनें पाहिल्या.

पशुवैद्यांनीं रक्त तपासलें. साखर ३८०. मांजराच्या रक्तांत ती दर डेसिलिटरला साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम असावयाची. त्यांनीं ग्लार्जिन नांवाचें इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ एकेक युनिट टोंचावयास सांगितलें, आणि दूध, भात, पोळी सर्व वर्ज्य केलें. मी सुई धरावयास शिकलों. नातू मन्यास मांडीवर घेऊं लागला. बाजारांतील मांसाच्या अन्नाचा डबा मागच्या पडवींत उघडावयाचा आणि त्याची बशी निराळी ठेवावयाची, एवढी तडजोड ताईनें मोठ्या कष्टानें मान्य केली.

दोन आठवड्यांनीं दवाखान्यांत साखर ३५०. मात्रा दोन युनिटें झाली. पुढील खेपेस ३३०, मात्रा तीन. त्यानंतर पांचव्या दिवशीं दुपारीं मन्या माजघरांतून चालतां चालतां दारूड्यासारखा झोकांड्या खाऊं लागला आणि कपाटाखालीं जाऊन पडला. हांक मारली तरी मान उचलीना. मला स्वतःला साखर उतरल्यानें आलेला घाम आठवला. माझेंच ग्लुकोमीटर आणून त्याच्या कानाच्या कडेला सुई टोंचली. आंकडा आला ५०. सूनबाईनें बोटानें त्याच्या हिरड्यांना मध चोळला. पाऊण तासानें त्यानें डोळे नीट उघडून खाणें मागितलें. माझे हात मात्र रात्रीपर्यंत कांपत होते, कारण सकाळचें इंजेक्शन मींच दिलेलें होतें.

त्या संध्याकाळची मात्रा दूरध्वनीवर विचारून चुकविली. दुसऱ्या दिवशीं दवाखान्यांत पुन्हा ३१०! डॉक्टर म्हणाले, "पाहा, साखर चढलेलीच आहे. मात्रा कमी करतां येणार नाहीं." मीं आदल्या दिवसाचा आंकडा सांगितला. "मास्तर, तें यंत्र माणसांचें आहे. मांजराचा डॉक्टर मी कीं तुम्ही?" मी गप्प राहिलों, पण तीन युनिटें टोंचावयास मन धजेना. तसें त्यांना स्पष्ट सांगून मीं दोनच दिलीं.

पुढील रविवारीं आम्ही दर दोन तासांनीं मन्याची साखर पाहिली व वहींत वेळेसह लिहिली. सकाळीं सात वाजतां २१०, अकराला १३०, एकला ८५, संध्याकाळीं पांचला १६०. दवाखान्यांतील तीनशेंच्या वरचा आंकडा घरीं दिवसभरांत एकदांही आला नाहीं. याचें कारण शास्त्रज्ञांस ठाऊक आहे. मांजर भ्यालें म्हणजे त्याच्या रक्तांतील साखर झपाट्यानें वाढते. पिंजरा, रिक्षाचा आवाज, बाहेर भुंकणारीं कुत्रीं, परकीं माणसें, इतकें सोसून टेबलावर आलेल्या मन्याची ती भीतीची साखर होती. घरीं शब्दरूपें घडाघडा म्हणणारा मुलगा इन्स्पेक्टरसाहेबांपुढें 'राम' सुद्धां चालवूं शकत नाहीं, हें मीं तीस वर्षें पाहिलें आहे.

वही घेऊन गेलों. डॉक्टरांनीं ती शांतपणें वाचली आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, माणसांचें यंत्र मांजराची साखर खऱ्याहून थोडी कमी दाखवितें. दुसरी, एकट्या आंकड्यावरून मात्रा हलवावयाची नसते. दोन्ही खऱ्या होत्या, आणि दोन्ही मला ठाऊक नव्हत्या. मग त्यांनींच फ्रुक्टोसामीन नांवाची तपासणी सुचविली. मागील दोन-तीन आठवड्यांत साखर सरासरीनें कोठें होती, हें तींत कळतें, आणि घटकाभराच्या भीतीनें ती बिघडत नाहीं. तिचा निकाल वहीच्या बाजूनें लागला. मात्रा दोनवरून एकावर आली.

त्याच बैठकींत डॉक्टरांनीं विचारलें, "हा अजून दहीभात खातो का?" मी ठामपणें नाहीं म्हणालों. नातवानें खालीं मान घातली. ताई रोज दुपारीं त्याला आपल्या पानांतला घांस देत होती, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें; वही लिहिणाऱ्यास तेवढें ठाऊक नव्हतें. दुसऱ्याचा आंकडा तपासावयास निघालेल्या मास्तरांची स्वतःची वही अशी अपुरी निघाली. त्या दिवसापासून तींत खाण्याचाही रकाना घातला.

कोणी अजूनही हंसलें, तर मी त्यांस १९२१ सालची गोष्ट सांगतों. टोरांटो येथें बँटिंग आणि बेस्ट यांनीं हें औषध शोधलें, तें कुत्र्यांवर प्रयोग करून. आम्हां मधुमेह्यांचें आयुष्य मुक्या जनावरांच्या उसन्यावर चाललेलें आहे. एक बोका सांभाळून तें फिटत नाहीं, पण व्याज तरी द्यावें.

आतां मन्या अर्ध्या युनिटावर आहे. वजन उतरलें आणि आहार सांभाळला तर कित्येक मांजरांचें इन्सुलिन सुटतें, असें डॉक्टर म्हणतात. आम्ही वाट पाहत आहों. हल्लीं ते मन्याकडे पाहण्याच्या आधीं वही मागतात. रोज संध्याकाळीं सात वाजतां प्रथम माझें बोट आणि मग मन्याचा कान टोंचला जातो, व दोन्ही आंकडे एकाच पानावर उतरतात. माझा आंकडा त्याच्याहून वाईट आला, तर ताई कांहींएक न बोलतां माझ्या पानांतला भात काढून घेते.