मधली भिंत

गेल्या थंडीत भाच्याचा फोन आला. "मामा, खालची मधली भिंत पाडायचीय. हॉल-किचन एक करायचंय. पण आई ऐकत नाही. तुम्ही या."

आमच्याकडं कांद्याची लागण चालू होती. तरी पिशवीत बाजरी आणि चार वांगी घातली आणि शिरूरहून एस्टीत बसलो. नगर रस्त्यानं पुण्याला जाणारी गाडी येरवड्यातूनच जाते. गुंजन चौकात उतरलं की आक्काचं घर चालत.

येरवडा म्हटलं की लोकांना जेल आठवतं. 1932 सालचा गांधी-आंबेडकरांचा पुणे करार त्याच जेलात झाला. मला मात्र येरवडा म्हणजे आमची आक्का. 72 च्या दुष्काळानं दाजींना गाव सोडायला लावलं. ते इथं बांधकामावर मजुरीला आले, मागोमाग आक्का आली. पत्र्याची एक खोली. पुढं बसायचं, मागं स्टोव्ह, मधी जुनेराचा पडदा. तशात तीन लेकरं वाढवली.

पुढं 2009 च्या सुमाराला केंद्राच्या नेहरू योजनेतून येरवड्याच्या वस्त्यांत पक्की घरं बांधायचं काम निघालं. माणसं उठवून लांब नेऊन टाकायची नाहीत, ज्याचं घर त्याच्याच जागेवर बांधायचं. घराला 270 चौरस फूट, आणि खर्चातला दहावा हिस्सा घरवाल्यानं घालायचा. महिला मिलनच्या बायका घरोघर हिंडून कुणाला काय पाहिजे ते विचारत होत्या. आक्काच्या वाट्याला खाली एक, वर एक अशा दोन खोल्या आल्या. तिनं एकच गोष्ट मागितली. खालच्या खोलीत मधी भिंत. चार इंची का होईना, पण भिंत. पडद्यामागं जन्म गेला होता तिचा.

तीच भिंत आता पोरगा पाडायला निघाला होता.

मी भाच्याची बाजू घेतली. म्हणालो, "आक्का, आपल्या गावच्या घरात सोपा, मग माजघर, मग सैपाकघर. आई त्या अंधारात धुरात बसायची. गडीमाणसं जेवून उठली तरी ती जेवली का न्हाय, कुणाला दिसायचं न्हाय. तुझी सून कामाला जाती. सैपाक करता करता पोराचा अभ्यास घेईल, चार माणसांत राहील. वाईट काय त्यात?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. "भिंत मी मागून घेतलीया." आणि आत गेली.

मिस्त्री आला. भिंत ठोकून बघितली. म्हणाला, वजन सगळं कॉलम-बीमवर आहे, ही नुसती आडभिंत. बीमला हात लावायचा नाही, विजेची वायर आणि पाण्याचा पाइप आधी बाजूला घ्यायचा. अर्ध्या दिवसात भिंत गेली. राडारोडा गोण्यांत भरून बाहेर काढला. मागच्या खिडकीचा उजेड पहिल्यांदा पुढच्या दारापर्यंत आला. खोली एवढी मोठी असेल असं वाटलं नव्हतं. आक्का वरच्या खोलीत बसून होती.

संध्याकाळी ती खाली आली आणि नेहमीसारखी चहाला उभी राहिली. मी खुर्चीत बसलेलो. ओटा समोरच. तिनं पातेलं उचललं आणि हात थरथरायला लागला. कपाला पातेलं टकटक लागत होतं. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. अर्धा कप भरला आणि थांबली.

माझ्या पोटात कालवलं. गेली तीन-चार वर्षं आक्का मला अर्धाच कप चहा द्यायची. मी दरवेळी म्हणायचो, "पुण्यात राहून चिंगूस झालीस गं." ती हसायची. भिंतीआडून भरलेला कप आणला तर सांडेल, म्हणून ती अर्धा आणत होती. मी बहिणीच्या घरी येत होतो, जेवत होतो, पण तिचा हात मी बघितलाच नव्हता.

सूनबाई हळूच म्हणाली, "मामा, दिवाळीत आईंच्या पायावर तेल सांडलं. त्यांनी सांगितलं नाही. मला फरशीवरून कळलं. म्हणून म्हटलं, भिंत नको."

आक्कानं ऐकलं. म्हणाली, "आता सगळंच उघड्यावर आलं माझं." मला वाटलं होतं, तिला भिंतीआडून सोडवायला आपण आलोय. तिला मात्र आपल्या अंगावरचा पदर ओढल्यासारखं झालं होतं. दोन्ही खरंच होतं. मला पुढं बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. गोळ्या चालू झाल्या. थोडा फरक आहे. सैपाक अजून तीच सांगते, पण गरम भांडं सूनबाई किंवा भाचा उतरवतो. घरात जो असेल तो उठतो. दिसतं म्हणून उठतो.

आता मी गेलो की चहा मीच टाकतो. साठी उलटल्यावर शिकलो. परवा तिचा कप मुद्दाम अर्धा भरला, हातात नीट धरता यावा म्हणून. तिनं कपात बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"भर की रं पुरता," म्हणाली, "चिंगूस कुठला!"